चाळीसच्या वेगाला येणारा आवाज

आवाज कसा होता ते आधी सांगते, कारण त्याबद्दल आमच्या घरात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. बाबांच्या मते तो कुर्रकुर्र होता. आईच्या मते टिकटिक होता, आणि तोही काही विशेष नव्हता. वरच्या मजल्यावरच्या काकांनी तो कधीच ऐकला नव्हता, पण त्यांच्या मते तो खडखड होता, कारण गाडीत खडखडच येते. मी माझ्या वहीत लिहिलं: 'किरकिर. बारीक, कोरडी, बहुधा धातूची. वेग चाळीसच्या आसपास असताना येते. गिअर बदलताना क्षणभर थांबते. उगम अज्ञात.'

'उगम अज्ञात' हे दोन शब्द लिहिताना मला जो आनंद झाला, तो मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. पदार्थविज्ञानाची पदवी घेताना मी दोन वर्षं पातळ पत्र्यांच्या कंपनांवर काम केलं होतं. त्या काळात प्रत्येक नातेवाइकाने मला एकदा तरी विचारलं होतं, "म्हणजे नक्की काय?" आणि माझं उत्तर ऐकून झाल्यावर, "म्हणजे पुढे नोकरी लागेल ना?" नोकरी लागली, पण ती वजनं आणि तराजू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. पत्र्यांच्या कंपनांबद्दल मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. आता खुद्द आमच्याच गाडीत एक पत्रा कंप पावत होता, किंवा मला तसं वाटत होतं.

बाबा पाच महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. त्यानंतर त्यांच्याकडे एकच कामगिरी उरली होती, ती म्हणजे मला रोज सकाळी प्रयोगशाळेत सोडणं. पावणेआठला ते इस्त्रीचा शर्ट घालत. मग निरोपसमारंभात ऑफिसने दिलेलं घड्याळ कपाटातून काढून डाव्या मनगटावर बांधत. ते स्टीलचं, जाड कड्यांच्या पट्ट्याचं, भलतंच वजनदार घड्याळ होतं आणि मागे नोकरीची एकूण वर्षं कोरलेली होती. घरात ते कधी घालत नसत. सात पन्नासला आम्ही निघायचो.

पुढची चाळीस मिनिटं माझी. घरात बाबा बोलत नाहीत असं नाही, पण घरात ते सूचना देतात. गप्पा मारतात ते गाडीत. का, ते माहीत नाही. कदाचित रस्त्याकडे बघत बोलायचं असलं की माणसाला समोरच्याच्या चेहऱ्याची काळजी करावी लागत नाही. पण आवाज सुरू झाल्यापासून ते वाक्याच्या मधेच थांबायचे, एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "श्श. ऐक." त्यांचे एक साहेब रेकॉर्डरूममध्ये कोंडले गेले होते, ती गोष्ट ते मला तीन आठवडे सांगत होते. तीन आठवड्यांत साहेब आत गेले होते आणि दार लागलं होतं. त्यापुढे गोष्ट सरकली नव्हती.

"निवृत्त झाल्यापासून यांना आवाज ऐकू यायला लागलेत," आई म्हणायची. हे वाक्य मी टोमणा म्हणून सोडून दिलं. ते निरीक्षण म्हणून वहीत लिहायला हवं होतं.

आता आतोबा. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आवाज या विषयावर ते फार हळवे आहेत. गुणगुणतात म्हणून आजवर चार पंखे त्यांनी दुकानात परत केले. लिफ्ट कण्हते म्हणून एक राहतं घर बदललं. त्यांना मुलीसाठी एक वापरलेली, सांभाळलेली गाडी हवी होती आणि आमच्या गाडीवर त्यांचा जुना डोळा होता. त्या दिवशी ते जेवायला आले होते आणि बाबा नुकतेच आवाज ऐकून घरी परतले होते.

"दादा, विकायची झाली तर मला आधी सांगा," आतोबा म्हणाले. "पण मला शांत गाडी लागते."

"देतो की," बाबा वैतागून म्हणाले. "आवाज काढून देतो. दोन आठवड्यांनी रविवारी या, बसून बघा, शांत वाटली तर घेऊन जा. शब्द देतो."

आईचा डाव हवेतच थांबला. "आणि हिला कोण सोडणार?"

"बस आहे की कोपऱ्यावरून."

बस होती हे खरं. दर दहा मिनिटांनी होती आणि थेट होती. पण बसमधलं कुणीही मला सांगणार नव्हतं, की ते साहेब पुढे बाहेर कसे आले. बाबांचा चेहरा मी पाहिला. शब्द तोंडातून निघाल्यानंतर तो परत घेता येतो का, याचा ते घास चावत विचार करत होते. पण बाबांनी आयुष्यात दिलेला शब्द मागे घेतलेला नाही. त्यापायी आमच्या घरात दोन विमा एजंटांची प्रत्येकी एक पॉलिसी आहे.

थोडक्यात माझी परिस्थिती अशी होती: आवाज सापडला तर गाडी जाणार, आणि नाही सापडला तर माझ्या पदवीची अब्रू जाणार. मी दोन रात्री विचार केला आणि आवाज शोधायचा ठरवला. सापडल्यावर काय करायचं ते सापडल्यावर बघू. कुतूहल ही फार अविचारी गोष्ट आहे, पण हे प्रयोगशाळेत कुणी शिकवत नाही.

पद्धत सोपी होती. बाबांनी गाडी चाळीसवर चालवायची, मी कान लावून बसायचं आणि ज्याचा संशय येईल ती वस्तू हाताने दाबून धरायची. आवाज थांबला तर तीच. मग तिला फेल्टची पट्टी लावायची आणि पुन्हा चालवायची. बाबाच चालवायचे, कारण स्टीअरिंग ते कुणाला देत नाहीत. मला लायसन्स मिळून चार वर्षं झाली होती, पण ते मी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर मिळवलेलं, आणि घरच्या गाडीत मी कायम डाव्या बाजूची प्रवासी होते.

पहिल्याच दिवशी यश आलं. सीट बेल्टचं बक्कल दाराच्या खांबावर आपटत होतं. पट्टी लावली. आम्ही दोघं हसत घरी निघालो आणि तिसऱ्या वळणावर बाबांचं बोट वर गेलं. "श्श."

यात आश्चर्य काही नव्हतं. मोठा आवाज बंद झाला की त्याच्याखाली दबलेला लहान आवाज ऐकू येऊ लागतो. हे मी बाबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "ऑफिसातही तसंच होतं."

पाच दिवसांत मी सात आवाज पकडले. स्पीकरच्या जाळीचा स्क्रू, मागची नंबरप्लेट, आरशाचा दांडा. डाव्या दाराच्या पोटातून एक करकटक निघालं, माझ्या कंपासपेटीतलं, आठवीत हरवलेलं. त्यासाठी मी बाकावरच्या शेजारणीवर आळ घेतला होता आणि वर्षभर तिच्याशी बोलले नव्हते. आता ती परदेशात असते. मी तिला करकटकाचा फोटो पाठवला आणि खाली 'सॉरी' लिहिलं. तिचं उत्तर आलं: 'मला वाटलंच होतं.'

वरच्या काकांना आतापर्यंत राहवलं हेच खूप. ते जिन्यातून उतरता उतरता थांबले आणि गाडीकडे डॉक्टर बघतात तसं बघत म्हणाले, "गाडीत वजन नाही. रिकामी गाडी हलते, भरलेली हलत नाही. मागे वाळूची दोन पोती टाका."

"काका, त्याने स्प्रिंगवर—"

"मी अठ्ठावीस वर्षं गोदाम सांभाळलंय," काका म्हणाले. गोदामाचा गाडीशी संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती, कारण पोती त्यांनी स्वतःच आणून ठेवली होती. वाळू भरलेली गाडी पहिल्याच गतिरोधकावर पोटावर बसली. सायलेन्सर घासला आणि त्यातून आवाज क्रमांक आठ जन्माला आला. हा एकमेव आवाज ज्याचा उगम मला पहिल्यापासून ठाऊक होता. शिवाय एक पोतं फाटलेलं होतं. वाळू काढायला मागची सीट उचकटून बाहेर काढावी लागली आणि ती मी पार्किंगमध्ये भिंतीला लावून ठेवली.

संध्याकाळी कामावरून आले तर त्या सीटवर इमारतीतले तीन आजोबा ओळीने बसले होते. हवा छान येत होती. दुसऱ्या दिवशी चार होते. तिसऱ्या दिवशी मी सीट परत घ्यायला गेले तेव्हा सेक्रेटरींनी रजिस्टर उघडलं. त्यात सीटची नोंद 'पार्किंगमध्ये आढळलेली बेवारस वस्तू' अशी झाली होती.

"ती आमच्या गाडीची आहे," मी म्हणाले. "समोर गाडी उभी आहे. तिला मागची सीट नाही."

"बघून मलाही कळतंय. पण नोंद झालीय. अर्ज द्या, कमिटीपुढे ठेवतो."

"कमिटी कधी बसते?"

सेक्रेटरींनी जरा ओशाळून सीटकडे पाहिलं. "हल्ली रोज संध्याकाळी तिथेच बसते."

मी अर्ज दिला. सीटच्या मालकीचा पुरावा म्हणून तिच्या आणि गाडीच्या कापडाचे नमुने जोडले. अर्ज मंजूर झाला, पण एका आजोबांनी विरोधी मत नोंदवलं. आजही ते मला जिन्यात ओळख देत नाहीत.

दहाव्या दिवशी बाबांनी मिस्त्रीला आणलं. मिस्त्री म्हणजे आमची गाडी गेली बारा वर्षं दुरुस्त करणारा, बोलण्यापेक्षा मान हलवण्यावर भर असलेला माणूस. गिअर बदलताना आवाज थांबतो, हे ऐकून त्याने मान हलवली. "गिअरबॉक्स असेल. चालवून बघतो." मिस्त्रीला मात्र बाबा स्टीअरिंग देतात, जसं आपण डॉक्टरला मनगट देतो. तो चालवायला बसला, बाबा त्याच्या शेजारी, मी मागे. चाळीस. पंचेचाळीस. पुन्हा चाळीस. गाडीत चकार शब्द नाही.

"हिला कळतं बरोबर," मिस्त्री म्हणाला. "दवाखान्यात गेलं की पोरांचं पोट दुखायचं थांबतं ना, तसं."

बाबा हसले. मीही हसले. मेकॅनिकसमोर गाडी शहाण्यासारखी वागते हे सगळ्या जगाला माहीत आहे, म्हणून मी वहीत त्या दिवसाच्या पानावर लिहिलं: 'निरीक्षण ग्राह्य नाही.' दोन वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या मुलीने सगळ्यांत महत्त्वाचं निरीक्षण केवळ हसू आलं म्हणून खोडून टाकलं. ते पान मी फाडलेलं नाही. अधूनमधून बघावं म्हणून ठेवलंय.

शनिवार उजाडला. रविवारी आतोबा येणार होते. मी समोरचा कप्पा पूर्ण रिकामा केला. त्यातली कागदपत्रं, जुना चष्मा, टॉर्च असं सगळं पिशव्यांमध्ये भरून, पिशव्यांवर 'संशयित क्र. १', 'संशयित क्र. २' अशा चिठ्ठ्या लावून जेवणाच्या टेबलावर मांडलं. गाडीत आता आम्ही दोघं आणि आवाज, एवढंच होतं. तरी आवाज होताच. राहता राहिली डिकी.

डिकीत काय वाजतं ते डिकीत बसल्याशिवाय कळत नाही. मी डिकीचं आकारमान मोजलं, हवा किती वेळ पुरेल ते काढलं (डिकी हवाबंद नसते, पण पाहिलेलं बरं), मैत्रिणीकडून स्टेथोस्कोप आणला आणि आईला काही सांगितलं नाही. बाबांशी खुणा ठरवल्या. आतून एक ठोका म्हणजे हळू. दोन म्हणजे तोच वेग पुन्हा. तीन म्हणजे थांबा.

अंधारात, गुडघे हनुवटीला लावून, स्टेथोस्कोप स्टेपनीवर टेकवून मी जे काही ऐकलं त्यावर एक वेगळा प्रबंध होईल. गाडीच्या आत एक पूर्ण गाव असतं. मला जॅकची कुजबुज नुकती सापडली होती, खात्री करायची होती, म्हणून मी दोन ठोके दिले. गाडी थांबलेली होती. म्हणजे सिग्नल होता, पण मला डिकीतून कसा दिसणार. मी पुन्हा दोन दिले. मग जरा जोरात दोन दिले.

मागे एक मोटारसायकलवाला उभा होता. त्याने ठोके ऐकले आणि गाडी बाजूला घेऊन तो थेट चौकातल्या हवालदाराकडे गेला. नागरिक म्हणून त्याने योग्य तेच केलं. पुढचा संवाद मी आतून ऐकला.

"डिकीत काय आहे?" हवालदाराचा आवाज.

बाबांना खोटं बोलता येत नाही. "मुलगी."

"कुणाची?"

"माझीच आहे."

डिकी उघडली. उजेड आला. हवालदाराला दिसलं ते असं: कानांत स्टेथोस्कोप, कपाळाला टॉर्च, मांडीवर वही. "थांबवलं कशाला?" मी म्हणाले. "आत्ता सापडत होता."

"कोण?"

"आवाज."

हवालदाराने बाबांकडे पाहिलं. बाबांनी फक्त मान डोलावली. मुलगी खरं बोलतेय, असा त्याचा अर्थ होता, पण परक्या माणसाला तो वेगळा लागत असावा.

"लायसन्स दाखवा."

बाबांनी सवयीने समोरचा कप्पा उघडला. तो धुऊन ठेवल्यासारखा रिकामा होता. "घरी टेबलावर आहे," ते म्हणाले. "गाडीचे कागदही तिथेच. हिने काढून ठेवलेत."

"का काढून ठेवलेत?"

"संशय होता," मी म्हणाले.

हवालदाराने आम्हाला मागच्या सीटवर बसवलं आणि गाडी चौकीकडे न्यायला स्वतः चालवायला बसला. बाबांना गाडीच्या मागच्या सीटवर मी जन्मात पहिल्यांदाच पाहत होते. त्यांना पाय कुठे ठेवायचे ते कळेना. आईला फोन करून कागदपत्रं आणायला सांगताना ते इतकंच म्हणाले, "चौकीत ये. नाही, अपघात नाही. ही डिकीत होती."

रस्ता तोच होता, खडबडीत. मी सवयीने मीटरकडे पाहिलं. अडतीस. चाळीस. एकेचाळीस.

काहीच नाही.

मला आधी वाटलं स्टेथोस्कोप अजून कानांत आहे. नव्हता. मी बाबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते, पण त्यांचं बोट वर गेलं नव्हतं.

"साहेब," मी पुढे झुकून म्हणाले, "जरा चाळीसवरच ठेवाल का? पुढच्या वळणापर्यंत?"

"मॅडम, तुम्हाला चौकीत नेतोय. हवा खायला नाही."

"आणि जमलं तर एकदा गिअर न बदलता—"

"अहो, तुम्ही सांगा हिला," हवालदार बाबांना म्हणाला. बाबांनी मला गप्प राहायची खूण केली आणि मी गप्प बसले, पण मनात खोडलेलं पान उघडलं होतं. मिस्त्री चालवत होता तेव्हा शांत. हवालदार चालवतोय तेव्हा शांत. मिस्त्रीला गाडी घाबरते हे मान्य केलं, तरी हवालदाराला ती का घाबरावी? तिच्याकडे लायसन्स नव्हतं हे खरं, पण ते तिला माहीत नव्हतं.

चौकीतल्या साहेबांनी छापील फॉर्म काढला. 'डिकीतील व्यक्तीचा चालकाशी संबंध' असा रकाना त्यात नव्हता, म्हणून त्यांनी तो हाताने आखला. तेवढ्यात वरच्या काकांच्या स्कूटरवरून आई आली आणि तिने पिशवी टेबलावर ठेवली. साहेबांनी चिठ्ठी वाचली. "'संशयित क्रमांक चार.' हा कोण?"

"इन्शुरन्स आहे तो," आई म्हणाली.

"आणि हे मागे 'निर्दोष' लिहिलंय ते?"

"चाचणीत वाजला नाही," मी म्हणाले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं. अर्ध्यात त्यांनी हवालदाराला चहा आणायला पाठवलं आणि खुर्ची पुढे ओढली, कारण त्यांच्या जीपमध्ये साठच्या वेगाला टुकटुक येत होती आणि तीन महिने कुणी लक्ष देत नव्हतं. मी त्यांना फेल्टची पट्टी दिली. काकांनी वाळूची पोती सुचवली. फॉर्मवर 'डिकीत जाण्याचे कारण' या रकान्यापाशी साहेब बराच वेळ थांबले आणि शेवटी त्यांनी लिहिलं, 'वैद्यकीय तपासणी (वाहनाची)'. समज देऊन आम्हाला सोडण्यात आलं.

बाहेर आल्यावर मी बाबांपुढे हात केला. "गाडी मी चालवते."

"का?"

"प्रयोग आहे."

आई मागे बसून खिडकीबाहेर बघू लागली, म्हणजे ती ऐकत होती. बाबांनी किल्ली मुठीत धरली, माझ्याकडे पाहिलं, चौकीच्या पाटीकडे पाहिलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी आरसा नीट केला, सीट पुढे ओढली. चाळीसला शांत. वळून पुन्हा, चाळीसला शांत. मी गाडी बाजूला घेतली आणि आम्ही जागा बदलल्या. बाबांनी दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. छत्तीस, अडतीस, चाळीस.

किरकिर.

"म्हणजे आवाज यांचाच आहे," आई मागून म्हणाली. "मी कधीची सांगतेय."

बाबांनी गाडी थांबवली. मग खिशातलं पेन काढून माझ्या ओंजळीत ठेवलं. पुन्हा चाळीस. किरकिर. चष्म्याचं घर दिलं. किरकिर. गिअर बदलायला त्यांनी डावा हात स्टीअरिंगवरून काढला आणि आवाज थांबला. आम्ही दोघांनी एकाच वेळी त्या हाताकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ सोडलं. ते माझ्या हातावर ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर निरोपसमारंभातल्यासारखा काहीतरी भाव होता.

चाळीसला गाडी शांत होती.

पट्ट्यातल्या एका कडीची पिन ढिली झाली होती. चाळीसच्या वेगाला स्टीअरिंग बारीक थरथरतं, ती थरथर मनगटात जाते आणि ती एकच कडी शेजारणीवर आपटत राहते. बाबा गाडीत दुसरीकडे कुठे बसले की हात मांडीवर, आणि कडी गप्प. मी हे सगळं समजावून सांगितलं. इतकं सुंदर उत्तर मला पूर्ण पदवीत मिळालं नव्हतं.

"पाच महिने," बाबा म्हणाले. "उगाच गाडीला बोल लावला."

गाडीत काहीही वाजत नव्हतं, आणि ते आम्हा तिघांपैकी कुणालाही आवडत नव्हतं. असली शांत गाडी आतोबांनी आयुष्यात पाहिली नसणार.

"ही पिन दोन मिनिटांचं काम आहे," मी शेवटी म्हणाले. "कोपऱ्यावरचा घड्याळवाला आत्ता बसवून देईल."

बाबा रस्त्याकडे बघत होते. "सोमवारी बघू," ते म्हणाले.

रविवारी आतोबा वेळेवर आले. ते स्वतः चालवून बघत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की आवाज ऐकायला डोळे मिटावे लागतात आणि डोळे मिटून गाडी चालवता येत नाही. ते पुढे बसले, मी मागे. बाबा खाली उतरले ते इस्त्रीच्या शर्टात, आणि डाव्या मनगटावर ऑफिसचं घड्याळ होतं. रविवारी ते घड्याळ मी प्रथमच पाहत होते. मी खिडकीबाहेर बघू लागले. आईची ही सवय फार उपयोगी आहे.

तीसला शांत. पस्तीसला शांत. आतोबांच्या मिटल्या डोळ्यांखाली समाधान पसरत होतं. "दादा, तुम्ही तर कमाल केलीत."

चाळीस. किरकिर.

"आला," बाबा गंभीरपणे म्हणाले.

आतोबांचे डोळे मिटलेलेच होते, पण कपाळाला आठ्या पडल्या. बाबांनी गिअर बदलला. आवाज थांबला. हात परत स्टीअरिंगवर आला, आवाज परत आला.

"गिअरबॉक्स?" आतोबांनी विचारलं.

"मिस्त्रीसुद्धा तसंच म्हणाला होता."

"तुमच्या शास्त्रज्ञ बाई काय म्हणतात?"

बाबा आरशातून माझ्याकडे बघत होते. मी वही उघडली. "अकरा आवाज काढले, आतोबा. हा बारावा. धातूचा आहे, कुठली तरी पिन ढिली असल्याचा. पण गाडी उघडून तो जाणार नाही." यातले 'कुठली तरी' हे दोन शब्द सोडले, तर बाकीचं मी कुठल्याही चौकीत लिहून द्यायला तयार आहे.

आतोबांनी अजून दोन फेऱ्या मारायला लावल्या. मग डोळे उघडले. "दादा, राग मानू नका. चांगली गाडी आहे. पण हा आवाज माझ्या डोक्यात जाईल."

"मी शब्द दिला होता," बाबा म्हणाले. "मी न्यायला नाही म्हणत नाही."

"नाही, नाही. मीच नाही म्हणतोय."

"बघा बुवा. मग माझा नाइलाज आहे."

त्या दुपारी बाबांनी दोनदा जेवायला वाढून घेतलं.

सोमवारी सात पन्नासला आम्ही निघालो. बाबांनी घड्याळ सोडून रुमालात गुंडाळलं आणि समोरच्या कप्प्यात, संशयित क्रमांक चारच्या शेजारी ठेवलं.

"पिन बसवायची ना आज?" मी विचारलं.

"राहू दे. तुझ्या आतोबांचं मन बदललं तर?" त्यांनी गिअर टाकला. "हां, तर साहेब आत कोंडले गेले."

"ते महिन्यापूर्वीच गेले."

"ऐक ना. आख्खं ऑफिस किल्ली शोधतंय. शिपाई टेबलाखाली, मी कपाटावर चढलेला. कुलूपवाला बोलावला, तर म्हणे आधी मंजुरी आणा. मंजुरीवर सही कुणाची लागते? साहेबांची. कागद दाराच्या फटीतून आत सरकवला. साहेबांनी सही करायला पेन काढावं म्हणून खिशात हात घातला, तर—"

"किल्ली."

"त्यांच्याच खिशात. दोन तास." बाबा हसले. "वर्षभर आम्ही त्यांना हसत होतो." मग त्यांनी स्वतःच्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं आणि थोडा वेळ वेगळंच हसले. पुढे त्या साहेबांच्या बदलीची गोष्ट निघाली, त्यातून एका शिपायाच्या सायकलची, आणि ती रंगात आली असताना प्रयोगशाळेचं फाटक आलं.

मी उतरले. बाबांनी काच खाली केली.

"आज आवाज आला का गं कुठला?"

मी आठवून पाहिलं. वही पिशवीतून बाहेरच काढली नव्हती.

"काय माहीत," मी म्हणाले. "ऐकायला वेळ कुठे मिळाला?"